पांढरी चारमधलं भांडण

आई, तुझी कॅसेट अजून आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. डबीचं झाकण बिजागरीपाशी तुटलंय, पण फीत शाबूत आहे, आणि नसती तरी काही बिघडलं नसतं, कारण तिच्यातलं गाणं मी कधीच कॉम्प्युटरवर उतरवून घेतलंय. फोनमध्ये आहे, ऑफिसात आहे, बायकोच्या फोनमध्येही तिला न विचारता टाकून ठेवलंय. एक हरवलं तर दुसरं असावं, दुसरं गेलं तर तिसरं. तू मला काळजीवाहू मंत्री म्हणायचीस. मी शाळेतून आल्या आल्या नळ बंद आहे का, गॅस बंद आहे का ते बघत फिरायचो आणि तू विळीवरून मान वर न करता म्हणायचीस, "इलो आमचो काळजीवाहू मंत्री." ते खातं अजून माझ्याकडेच आहे. मधे किती सरकारं आली आणि गेली, माझं खातं काही कोणी काढून घेतलं नाही.

बाबांना गेल्या थंडीत झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय बऱ्यापैकी परत आला. काठी घेऊन बाल्कनीपर्यंत जातात, तिथून नॅशनल पार्कची झाडं दिसतात ती बघत बसतात. हात थोडा आला. बोलणं आलं नाही. त्यांना सगळं कळतं. पेपर डाव्या हाताने उलटतात, बातम्यांना नाक मुरडतात, आमटीत मीठ जास्त झालं तर माझ्याकडे बघतात. पण तोंडातून एकच शब्द येतो, 'बरं.' पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं, रागावले तरी बरंच, फक्त जरा मोठ्याने. माझी बायको पहिल्या आठवड्यात म्हणाली, "बाबा आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्याला बरं म्हणतायत," आणि मग स्वतःच आत जाऊन रडली. मी रडलो नाही. मी औषधांच्या वेळा फ्रीजवर चिकटवल्या.

बोलणं शिकवायला एक मुलगी येते. इथेच पुढच्या सोसायटीत राहते, स्पीच थेरपिस्ट आहे, घरात गुजराती आणि बाहेर मराठी बोलते. बाबांना काका म्हणते आणि त्यांच्यापुढे चेंडू, चमचा, कंगवा मांडून ठेवते. बाबा चमच्याकडे बघून "बरं" म्हणतात. एक दिवस तिने मला दारापाशी थांबवलं आणि म्हणाली, "दादा, काकांना पाठ असलेलं एखादं गाणं आहे का? देवाचं, सिनेमाचं, कुठलंही. एकदम आतलं पाहिजे हां. बोलणं अडकतं ना, तरी गाणं कधी कधी सुटतं. ते दुसऱ्या बाजूला असतं डोक्यात. आणि लवकर बघा. सुरुवातीचे महिने मेंदू शिकायला तयार असतो, नंतर तो आहे त्याचीच सवय करून घेतो." हे शेवटचं वाक्य ती सहज बोलून चप्पल घालून निघून गेली. मी ते वाक्य घेऊन कितीतरी दिवस हिंडलो. बाबांना 'बरं'ची सवय होण्याआधी काहीतरी करायला हवं होतं, आणि ते काहीतरी फक्त माझ्याकडे होतं.

तुझं आणि बाबांचं भांडणाचं गाणं.

आमच्या अंधेरीच्या स्टुडिओत मी लोकांना नेहमी सांगतो की माझ्या आईबापांचं भांडण रेकॉर्ड केलेलं आहे, तेही पेटी-तबल्यावर. मी डबिंगचं काम करतो, आई. दुसऱ्यांच्या ओठांवर आपले शब्द बसवायचे. तुला हे समजावून सांगायला मजा आली असती. तू म्हणाली असतीस, म्हणजे खोटं बोलायचे पैसे देतात होय.

गाणं तुला आठवत असेलच. गाववाल्यांनी गणपतीत बसवलेलं ते संगीत नाटक, कांजूरच्या आपल्या चाळीमागच्या हॉलमध्ये तालमी. गिरणी सुटलेली, कंपनीत लागलेली, काही अजून कुठेच न लागलेली माणसं जमायची आणि गायची. बाबा नवऱ्याचं काम करत होते. बायकोचं काम करणारी नटी बाहेरून यायची, आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे ती यायची थेट शेवटच्या तालमीला. तोवर तिच्या जागी कोणीतरी उभं राहायचं. बाबांच्या समोर तू उभी राहिलीस. पदराला हात पुसत यायचीस, गायचीस आणि परत भात बघायला जायचीस. नवरा उशिरा घरी आलाय आणि बायको दार अडवून उभी आहे. ती विचारते, "कुठे होता?" तो म्हणतो, "इथेच होतो." ती म्हणते, "इथे म्हणजे कुठे?" तो म्हणतो, "तिथेच होतो." मग तिथे म्हणजे कुठे, असं करत करत ते भांडण बाजारापासून थेट स्वर्गाच्या दारापर्यंत जातं आणि परत उंबऱ्यावर येतं. शब्द एवढेच. सगळी गंमत म्हणण्यात.

नटीला चाल पाठ व्हावी म्हणून ते टेप करून पाठवायचं ठरलं. टेपरेकॉर्डर शेजाऱ्यांच्या दुबईच्या भावाचा. हॉलमध्ये प्लगचं बटण तेवढं होतं, करंट नव्हता, म्हणून सेल घातले. सेल जुने होते. ते तू आपल्या खिडकीत उन्हात वाळत घातले होतेस, शेजारी मिरच्या आणि मध्ये सेल. मी म्हटलं होतं की हे संपलेत, टाकून देऊया, मधेच बंद पडले तर काय. तू म्हणालीस, "टाकू नको रे, अजून जीव आसा तेंच्यात." आणि होताच. गाणं पुरं होईपर्यंत पुरले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरात, करंटवर, सगळे ते ऐकायला बसलो. बाबा खूश. तबलजी खूश. गाण्याला काय पळ आला होता, आणि शेवटी शेवटी तर चढतच गेलं होतं, जणू ती बायको आता लाटणंच घेणार. तू एकटीच कपाळाला आठ्या घालून बसली होतीस. म्हणालीस, "ह्यो माझो आवाज न्हय."

सगळे हसले. "वहिनी, टेपवर सगळ्यांका तसाच वाटता," तबलजी म्हणाला. ते खरंच आहे. स्टुडिओत मी रोज बघतो, स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की मोठमोठे नट तोंड वाकडं करतात. मीही त्यांना तेच सांगतो, सगळ्यांना तसंच वाटतं. तू एकदा बोललीस, कोणी ऐकलं नाही, तू उठून गेलीस. भांडी होती.

नटी ती टेप घोकून आली आणि तस्संच गायली. वरच्या पट्टीत, पळत. पेटीवाला घाबरला, त्याने शेवटच्या तालमीत कशीबशी तिची पट्टी शोधली. बाबांना त्या उंचीवर जायचं म्हणजे टाचा वर कराव्या लागत होत्या. नाटकाच्या दिवशी ते घामाघूम होऊन तिच्यामागे धावत होते आणि मांडवातले लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. तुझ्या टेपमध्ये एका ठिकाणी, 'इथे म्हणजे' आणि 'कुठे' यांच्यामध्ये, उचकीसारखा एक श्वास आहे. तिने तोही उचलला होता. त्या उचकीला सगळ्यात मोठा हशा आला. वन्स मोअर झाला. तू माझ्या शेजारी बसून तोंडाला पदर लावून हसत होतीस, आणि मला आठवतंय, उचकीच्या जागी तू हसायची थांबून क्षणभर माझ्याकडे बघितलंस. ते कशासाठी हे मला तेव्हा कळायचं वय नव्हतं. त्याच वर्षी दिवाळीनंतर तू गेलीस. छातीतली झडप, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. आधी कोणालाच ठाऊक नव्हतं.

तर ते गाणं मी बाबांना लावलं. एका रविवारी सकाळी, ती मुलगी समोर बसलेली. तुझा पहिला "कुठे होता?" आला आणि बाबांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आई, कित्येक महिन्यांत मी तसा बघितला नव्हता. डाव्या हाताची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. ओठ हलले. पण ते तोंड उघडेपर्यंत टेपमधले तरुण बाबा उत्तर देऊन मोकळे व्हायचे आणि तू पुढचा प्रश्न विचारायचीस. ते पुन्हा मागे. पुन्हा ओठ, पुन्हा उशीर. परत लावलं, परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी टेबलावर मूठ आपटली, "बरं! बरं!" म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवून बसले. ती मुलगी म्हणाली, "दादा, काकांना आतून येतंय हे दिसलं ना? पण खूप फास्ट आहे हो. आणि वर पण आहे. थोडं स्लो करा, थोडं खाली आणा. तुमचंच काम आहे ना ते?"

माझंच काम आहे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओत बसलो. आधी फक्त लय उतरवली, पट्टी तीच ठेवली. तू रबर ताणल्यासारखी गाऊ लागलीस, "कुऽऽठे होऽऽता", अगदी झोपेतून उठवल्यासारखी. ते चालणार नव्हतं. मग लय पहिल्यासारखी करून नुसती पट्टी खाली आणली. आता तू घसा बसलेल्या एखाद्या पुरुषासारखी धावत होतीस. दोन्ही वेळा गाणं हास्यास्पद झालं, पण विनोदी राहिलं नाही. या दोन्हींत किती फरक आहे ते मला त्या दिवशी कळलं. डबा न खाताच परत बांधला.

मग विचार केला, बाबांचा आवाज आता कुठे बसतो ते तरी आधी बघू. आपली पेटी माळ्यावर आहे. काढली, पुसली, बाबांच्या समोर ठेवली. ती बघून ते "बरं बरं" म्हणाले आणि डाव्या हाताने भाता ओढू लागले, मी सूर दाबू लागलो. फोनवर तुझं गाणं लावलं आणि त्याचा सा शोधायला लागलो. सापडेना. पांढरी पाच दाबली तर गाणं किंचित वर, तिच्या लगतची वरची काळी चार दाबली तर गाणं किंचित खाली. दोन्हींच्या मधे. आता पेटीला मधे काही नसतं, आई. पेटीवर एकतर ही पट्टी असते नाहीतर ती. आणि टेपमध्ये पेटी वाजतेय, हीच पेटी, जी तालमीला आपल्याच घरून जायची. ती मधल्या सुरात वाजेल कशी? पुढे ऐकत गेलो तर शेवटाकडे गाणं काळी चारच्याही वर गेलेलं. तू चढलीस हे मी समजू शकतो, भांडणात बाई चढतेच. पण पेटी कशी चढेल?

बाबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी भाता सोडला, हात पुढे केला आणि एकच सूर दाबला. पांढरी चार. वाऱ्याअभावी वाजला नाही म्हणून मी भाता ओढला, आणि तो सूर घरघरला. आपल्या पेटीत तो एकच सूर घरघरतो, आतली पितळी जीभ सैल आहे, लहानपणापासून मी ऐकतोय. बाकी कुठलाही सूर घरघरत नाही. मी फोन परत कानाला लावला. टेपमध्ये ज्या ज्या वेळी पेटी 'सा'वर येऊन थांबते, त्या त्या वेळी ती घरघर आहे. बारीक, उंच, माशी अडकल्यासारखी, पण आहे. म्हणजे तुम्ही पांढरी चारमध्ये, चांगलं खाली, गात होता.

तेव्हा मला खिडकीतले सेल आठवले. संपत आलेल्या सेलवर मोटर दमून हळू फिरत होती, फीत हळू सरकत होती, आणि जसजसे सेल उतरले तसतशी आणखी हळू. मग करंटवर ती फीत नीट वेगाने फिरवली की सगळंच वर चढणार आणि पळणार, शेवटी तर जास्तच. रोज आवाजाचं काम करणाऱ्या मला हे इतकी वर्षं सुचलं नाही, कारण मी ते गाणं कधी तपासलंच नव्हतं. आईचं गाणं कोण तपासतो? ती लय तुझी नव्हती, ती पट्टी तुझी नव्हती, तो चढत जाणारा राग तुझा नव्हता. तू त्या दिवशी बरोबर बोलली होतीस. तो तुझा आवाज नव्हता. ते मला इतकं लागलं की मी बाबांसमोर मोठ्याने म्हणालो, "आई खरं सांगत होती." बाबा म्हणाले, "बरं." त्या एका वेळी तो शब्द अगदी बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी मी लय आणि पट्टी एकत्र खाली आणत गेलो, घरघर पांढरी चारवर येईपर्यंत, आणि पुढे शेवटपर्यंत ती तिथेच राहील असं जमवलं. मग डोळे मिटून ऐकलं. आई, ते दुसरंच गाणं होतं. ती दार अडवून उभी असलेली तरतरीत बाई नव्हतीच तिथे. एक बाई, खालच्या, भरलेल्या आवाजात, सावकाश विचारत होती, "कुठे होता?" रागाने नाही. जेवण झाकून ठेवून वाट बघितल्यावर जसं विचारतात तसं. बाबा तिला हसवायला बघत होते आणि ती हसत नव्हती, मग जरा हसत होती. विनोद होताच, पण तो दोघांतला होता, मांडवातल्या लोकांसाठी नव्हता. आणि 'इथे म्हणजे' आणि 'कुठे' यांच्यामध्ये उचकी नव्हती. तिथे तू श्वास घेत होतीस. लांब, खालून ओढलेला, पुरत नसलेला श्वास. एकदा तिथे ऐकू आला आणि मग सगळीकडे ऐकू यायला लागला, प्रत्येक ओळीच्या टोकाला. आमच्याकडचा मिक्सिंगवाला चहा घेऊन आत आला, दाराशीच थांबला आणि म्हणाला, "कोण आहे रे ही? काय झकास आवाज आहे यार. पण बाईला बरं नाहीये का?"

त्याला काय सांगायचं. मी म्हटलं, जुनं आहे.

ते खरं गाणं मी घरी आणलं आणि कितीतरी दिवस लावलं नाही. बाबांना सोपं जावं म्हणून त्यांच्या ओळी मी काढून टाकल्या होत्या आणि तिथे सुरुवातीची नुसती पेटी जोडली होती, म्हणजे तू विचारणार आणि उत्तराची जागा रिकामी. तयारी पूर्ण होती. पण रोज काहीतरी निघायचं. आज त्यांचं बीपी जास्त, आज त्यांना झोप कमी, आज पाहुणे. मला भीती वाटत होती ती अशी: त्यांच्याकडे तू अजून भांडणारी, पळणारी, सगळ्यांना हसवणारी होतीस. त्यांच्या हातात आता फार काही उरलेलं नाही. त्यात मी हा श्वास आणून ठेवायचा? त्यांना कळलं असतं की तू त्या हॉलमध्ये उभी राहून दमत होतीस आणि ते समोर उभे राहून विनोद करत होते. त्या धक्क्याने 'बरं' पण गेलं तर? डॉक्टर म्हणतात दुसरा झटका कशानेही येऊ शकतो. आणि दुसरीकडे ती मुलगी दर वेळी विचारायची, "दादा, झालं का स्लो?" आणि मी म्हणायचो, होतंय, होतंय. महिने चालले होते. त्यांच्या मेंदूला 'बरं'ची सवय लागत होती आणि मी फोन खिशात घेऊन हिंडत होतो.

शेवटी बायकोनेच पकडलं. तिला मी ऐकवलं होतं ते. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू नक्की कुणाला जपतोयस?"

"बाबांना. दुसऱ्या कुणाला?"

"बाबा तिथे होते रे. समोर उभे होते. त्यांनी हे असंच ऐकलेलं आहे, याच आवाजात. तुझ्यासाठी नवीन आहे ते. त्यांच्यासाठी नाही."

मला खूप राग आला. राग आला म्हणजे ती बरोबर होती. तुझी सून अशी आहे, आई. तुमचं दोघींचं फार जमलं असतं आणि माझी वाट लागली असती.

पुढच्या वेळी ती मुलगी आली तेव्हा लावलं. बाबा खुर्चीत, काठी मांडीवर, मी स्पीकरजवळ, गाणं बंद करायच्या बटणावर हात ठेवून. आधी पेटी आली, तिची ती घरघर आली. बाबांनी डोळे मिटले. मग तू विचारलंस, "कुठे होता?" आणि रिकामी जागा. नुसती पेटी. तू श्वास घेऊन पुढे विचारलंस, "इथे म्हणजे... कुठे?" पुन्हा नुसती पेटी. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं, पण बाबांच्या समोर तू अशी एकटी विचारत राहिलीस ते मला बघवेना. बटण दाबणार होतो. त्या मुलीने माझा हात धरला. गाणं संपलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा शांत होता. त्यांनी डावा हात वर केला आणि बोट फिरवलं. परत.

परत लावलं. "कुठे होता?" तू विचारलंस.

"इथेच होतो," बाबा गायले. तोंड एका बाजूला ओढलेलं, 'च' नीट नाही, पण सूर पांढरी चारचाच, आणि लयीत, पेटीच्या बरोबर. घाई नाही. तेवढ्या लयीत त्यांना सगळं पुरत होतं. ती मुलगी तोंडावर हात ठेवून बसली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"इथे म्हणजे," तू श्वास घेतलास, "कुठे?"

गाण्यात पुढे 'तिथेच होतो' आहे. ते आलं नाही. बाबांनी डोळे उघडले आणि स्पीकरकडे बघितलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. कपाळावरची शीर फुगली. मी घाबरलो, पाणी आणायला उठलो. आणि ते बोलले. गायले नाहीत, बोलले.

"बोरिवली."

ती मुलगी हसली, टाळी वाजवली, "काका! काय बोललात तुम्ही? परत बोला," म्हणाली. तिला वाटलं गाण्याची ओळ चुकली आणि शब्द मिळाला, आणि शब्द महत्त्वाचा. तो आहेच. पण तिला काय माहीत की तू बोरिवली बघितलेलीच नाहीस. तू असताना आपण कांजूरला होतो. ही जागा आम्ही फार नंतर घेतली. तू विचारलंस, इथे म्हणजे कुठे, आणि बाबांनी तुला सांगितलं.

त्यानंतर पुष्कळ दिवस ते सगळ्याला बोरिवली म्हणत होते. चहा घेणार का, बोरिवली. पंखा लावू का, बोरिवली. बायको म्हणाली स्टेशन आल्यासारखं वाटतंय. मग 'इथेच' सुटं झालं, मग 'चहा', मग एक दिवस माझं नाव, अर्धं. ती मुलगी म्हणते फार आशा धरू नका, पण धरा. रोज सकाळी आंघोळ झाली की ते खुर्चीत बसतात आणि मला खूण करतात, मी तुला लावतो, तू विचारतेस, ते उत्तर देतात. ओळीच्या टोकाला तुझा श्वास येतो तिथे ते थांबतात. तुझा पुरा होऊ देतात आणि मगच तोंड उघडतात. ते तसं आधीपासूनच करत होते का, हे त्यांच्या ओळी मी काढून टाकायच्या आधी नीट ऐकायला हवं होतं. काल त्यांच्या ओळींसकट सगळं परत खाली आणून ऐकलं. करत होते.

आता एकच राहिलं. तुझा तो खरा आवाज मला अजून तुझा वाटत नाही. बाबांनी ओळखला, मी ओळखला नाही. म्हणून त्यांचं झालं की मी अंधेरीला निघतो, कानात हेडफोन घालतो आणि जुनंच लावतो, उन्हात वाळवलेल्या सेलचं, चढलेलं, पळणारं. त्यात तू दमत नाहीस.